पोर्चमधली सुतारशाळा: एका घरातल्या भुशाचा बंदोबस्त

नाशिकच्या सिडको भागातलं एक रो-हाउस. खाली पोर्च, त्याला लागून हॉल, वर झोपायच्या खोल्या. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे-अवजारं बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेल्या काकांनी पोर्चला शटर बसवलं आणि आत सुतारकाम मांडलं. १० बाय १६ फुटांची जागा, उंची ९ फूट. पाट, चौरंग, देव्हारे, पुस्तकांचे रॅक, नातीचं अभ्यासाचं टेबल असं काम चालायचं. हात तयार, माप टूलरूमच्या शिस्तीतलं. भुशाकडे मात्र 'झाडून टाकू' यापलीकडे कुणी पाहिलं नव्हतं.

मग काही गोष्टी एकाच सुमारास पुढे आल्या. शटरशेजारच्या भिंतीत बसवलेला एक्झॉस्ट पंखा शेजाऱ्यांच्या अंगणाकडे तोंड करून होता आणि त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर पिवळट पूड बसायला लागली होती. घरातल्या लहान नातीला बालदमा, आणि शनिवार-रविवारी तिचा खोकला वाढतो असं तिच्या आईच्या लक्षात आलं होतं. काकांचं मोठं काम नेमकं त्याच दोन दिवसांत चाले. स्वतः काकांचं नाक सकाळी चोंदलेलं असायचं आणि सागाचं काम झालं की मनगटाच्या आतल्या बाजूला पुरळ उठायचं. काकांनी उपाय ठरवून टाकला होता: २ अश्वशक्तीचा डस्ट कलेक्टर. माझं काम कारखान्यांतली धूळ-धूर ओढून घेणाऱ्या यंत्रणांचं असल्यामुळे कुठला घ्यावा एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

"काका, यंत्र नंतर बघू. आधी तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी बसून बघतो," असं मी म्हणालो. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

खोलीत काय होतं

टेबल सॉ घरीच केलेला: १८ मिमी प्लायच्या टेबलाखाली उलटी बसवलेली हातातली सर्क्युलर सॉ. शिवाय ५ इंची ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपर लावून घासायचं यंत्र), राउटर (कडा आणि खाचा कोरायचं यंत्र), जिगसॉ, आणि आपल्याकडच्या बहुतेक सुतारांकडे असतो तसा लाकडाचं ब्लेड लावलेला मार्बल कटर, म्हणजे खरं तर फरशी कापायचं यंत्र. भिंतीवर रंधे, पटाश्या, गुण्या, हातकरवती. लाकूड दोन प्रकारचं. एक म्हणजे दुकानातला प्लाय आणि कधीकधी एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेला बोर्ड). दुसरा जुना साग, पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी आणि दारं यांचा; जुन्या लाकडाच्या बाजारातून आणलेला, खिळ्यांसकट आणि रंगाच्या थरांसकट.

या जुन्या रंगाबद्दल आधी सांगतो, कारण प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच होती आणि तक्रारीत तिचा उल्लेखही नव्हता. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असलं पाहिजे हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दारांवर तर खासच, ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता दाट. असं दार कोरडं घासलं की ते शिसं हवेत जातं, फरशीवर बसतं, आणि फरशीवर खेळणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातं. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक गोष्ट थांबवली: रंगवलेल्या जुन्या लाकडाला सँडर लावायचा नाही. रंग काढायचा तो शटरबाहेर, जमिनीवर प्लास्टिक अंथरून, पेंट रिमूव्हर लावून पत्रीने खरवडून. उरलेलं वॉटर पेपरने ओलं घासून. खरवडलेला गाळ प्लास्टिकसकट गुंडाळून वेगळा ठेवायचा, कचऱ्यात मोकळा टाकायचा नाही.

बॅटरीच्या झोतात

भुशाच्या ढिगाकडे बघून धूळ समजत नाही. जो भुसा पायाखाली साचतो तो जड असतो, पडतो आणि बसतो. त्रास देते ती बारीक पूड. १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि नाकातल्या केसांना चुकवून आत जाऊ शकतो. त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात.

ही पूड बघायची एक जुनी आणि फुकटातली पद्धत आहे. खोलीतले दिवे मालवायचे, एक जोरदार बॅटरी यंत्राच्या पलीकडे ठेवून झोत आपल्या दिशेने, पण थेट डोळ्यांत न येईल असा सोडायचा, आणि यंत्र चालवायचं. ब्रिटनमधले कारखाना निरीक्षक हीच युक्ती वापरतात. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही ती करून पाहिली. काकांची खात्री होती की धुळीचं मूळ टेबल सॉ आहे, कारण ढीग त्याच्याखाली असतो. झोतात दिसलं ते वेगळं. सॉच्या ब्लेडपाशी पुढच्या बाजूने एक पट्टा उसळत होता, खरं. पण सँडर सुरू केला तेव्हा झोताची अख्खी रेघ दुधाळ झाली आणि सँडर बंद करून आम्ही चहा घेऊन आलो तरी ती तशीच होती. सँडरला कापडी पिशवी लावलेली होती. पूड त्या पिशवीच्या विणीतूनच बाहेर झिरपत होती.

चहानंतरही ती तरंगत का होती, याचं गणित साधं आहे. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे छातीच्या उंचीवरून, ५ फुटांवरून, फरशी गाठायला आठ-नऊ मिनिटं. अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तासांहून जास्त. एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास, तेही हवा अजिबात न हलता. काकांची रीत अशी की काम संपलं की रुमाल काढायचा, झाडू घ्यायचा, आणि मग पंखा लावून घाम वाळवत बसायचं. सगळ्यात वाईट हवेत ते तोंड उघडं ठेवून बसत होते.

झोतात आणखी एक गोष्ट दिसली. एक्झॉस्ट पंखा शटरच्या शेजारीच असल्यामुळे शटरखालून येणारी ताजी हवा सरळ पंख्यातून बाहेर जात होती. मागचा कोपरा, जिथे सँडिंगचं बाक होतं आणि जिथून हॉलचं दार उघडतं, तिथली हवा हलतही नव्हती. हॉलच्या दाराखाली बोटभर फट. पंखा बंद केला की वारा शटरमधून शिरायचा आणि ती पूड त्याच फटीतून घरात जायची.

किती पूड म्हणजे जास्त

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं. त्याची सुरुवात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावातून झाली. तिथल्या कान-नाक-घसातज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फार येऊ लागले आणि ते बहुतेक खुर्च्या-टेबलं करणारे कारागीर निघाले. १९६८ मध्ये त्यावरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ती माणसं वर्षानुवर्षं रोज पूर्ण पाळी त्या धुळीत काम करत होती, त्यामुळे शनिवार-रविवार काम करणाऱ्याने स्वतःला त्यांच्या जागी बघून घाबरून जाऊ नये. पण दमा, नाक चोंदणं, त्वचेवरची ॲलर्जी यांना इतकी वर्षं लागत नाहीत. सागातल्या लॅपॅकॉलसारख्या द्रव्यांनी आणि शिसवातल्या द्रव्यांनी कातडीला ॲलर्जी होते हे नोंदलेलं आहे. काकांच्या मनगटावरचं पुरळ घामाचं असावं असं घरातले समजत होते. ते हातमोज्याच्या कडेशी, पूड अडकते नेमक्या त्या जागी होतं.

मर्यादेचा आकडा घेऊन खोलीचा हिशोब मांडला तेव्हा काकांचं मन बदललं, असं मला वाटतं. टूलरूमच्या माणसाला आकडा लवकर पटतो. कठीण लाकडाच्या धुळीची ब्रिटनमधली मर्यादा एका घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम, युरोपीय संघात २, अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस १. काकांची खोली साधारण ४१ घनमीटरची. म्हणजे ३ मिलिग्रॅम धरले तरी अख्ख्या खोलीत मिळून सव्वाशे मिलिग्रॅम पूड तरंगली की मर्यादा गाठली. एका ग्रॅमचा आठवा भाग. आता १८ मिमी प्लायचा ८ फुटी ताव उभा चिरला, ब्लेडची जाडी २.२ मिमी धरली, तर जवळजवळ ९७ घनसेंटीमीटर लाकडाची पूड होते, वजनाने ५५-६० ग्रॅम. त्यातला शंभरातला एक भाग जरी बारीक होऊन हवेत राहिला तरी तो मर्यादेच्या साडेचार पट होतो. आणि हा एकच काप.

हे मांडल्यावर काकू म्हणाल्या, "मग मोठंच मशीन घ्यायला हवं ना?"

ओढ आणि अंतर

माझं उत्तर नाही असं होतं.

पाइपच्या तोंडाशी हवा कितीही जोरात ओढली जात असली तरी ती ओढ तोंडापासून दूर गेलं की विलक्षण झपाट्याने मरते. फुंकर लांबपर्यंत जाते, कारण ती एका दिशेने जाते. ओढून घेतलेली हवा मात्र चारही बाजूंनी येते. वायुवीजनाच्या कामात यासाठी एक जुनं सूत्र आहे. त्यानुसार १०० मिमी व्यासाच्या उघड्या पाइपच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर १०० मिमी अंतरावर तो दीड मीटरच्या आसपास उरतो, म्हणजे सात टक्के. २०० मिमीवर ०.४ मीटर. ३०० मिमीवर, वीतभरापेक्षा थोडं जास्त, ०.१७ मीटर, तिथे हवा हलते आहे हे हाताला समजणारही नाही. मोटर दुप्पट करून हवा दुप्पट झाली असं धरलं तरी ३०० मिमीवरचा वेग फक्त दुप्पट होईल. तोच पाइप ३०० वरून १०० मिमीवर आणला तर तो आठपट होतो, आणि त्याला वीज लागत नाही.

काकांना एक गोष्ट मी मुद्दाम आठवून दिली. १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या चौदाव्या कलमात हेच लिहिलेलं होतं: धूळ ओढण्याचं साधन धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितकं जवळ असावं आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी. त्यांनी आयुष्यभर या कायद्याखाली नोकरी केली होती. घराला कायदा लागू नव्हता, पण हवेचं वागणं तेच.

तेव्हा ठरलं असं की डस्ट कलेक्टर घ्यायचा नाही. वेट अँड ड्राय व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा, बाकी सगळी मेहनत यंत्राच्या तोंडापाशी करायची. दोन्ही यंत्रांचा स्वभाव वेगळा आहे. डस्ट कलेक्टर खूप हवा पण कमी जोराने ओढतो, त्याला ४ इंची पाइप लागतो. व्हॅक्यूम थोडी हवा पण फार जोराने ओढतो, त्यामुळे तो ३२-३५ मिमीच्या अरुंद नळीतूनही काम करतो. काकांच्या सगळ्या यंत्रांची तोंडं अरुंद होती. उद्या त्यांनी थिकनेस प्लेनर (फळी एकसारख्या जाडीला रंधणारं यंत्र) घेतला, की ज्यातून पोत्याने छिलपे निघतात, तर मात्र कलेक्टरला पर्याय नाही. तो घ्यायचा विचार नसताना कलेक्टर घेऊन ४ इंची पाइपला ३५ मिमीचा रिड्यूसर लावणं म्हणजे पैसे देऊन ओढ मारून टाकणं आहे, आणि हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलेलं आहे.

सँडर

सुरुवात सँडरपासून केली आणि आश्चर्य म्हणजे अर्धं काम पेपर बदलण्यातच झालं. सँडरच्या गादीला आठ भोकं होती. काका स्वस्त मिळतो म्हणून बिनभोकाचा पॉलिश पेपर वापरत होते. म्हणजे धूळ ओढण्याचा रस्ता पहिल्या दिवसापासून पेपरनेच बुजवलेला. भोकांचा पेपर, भोकावर भोक नीट बसवून लावला, कापडी पिशवी काढून तिथे व्हॅक्यूमची नळी जोडली. पुन्हा दिवे मालवून पाहिलं. झोत जवळजवळ स्वच्छ. फळीच्या कडेवरून सँडर अर्धा बाहेर आला की तेवढ्यापुरता एक फवारा दिसायचा, कारण उघड्या भोकांतून नुसतीच हवा आत जायची आणि फळीवरच्या भोकांना ओढ उरायची नाही. त्यावर उपाय म्हणून काका कडेला त्याच जाडीची एक फालतू पट्टी लावून घासतात. जाळीचा पेपरही आणून पाहिला. तो महाग आहे पण जास्त टिकतो आणि पूड आणखी चांगली ओढतो. माझं मत विचाराल तर एमडीएफसाठी तोच घ्यावा.

एक अडचण आली. ओढ पूर्ण ठेवली की सँडर लाकडाला चिकटायचा, हात भरून यायचा आणि फळीवर वेटोळ्या ओरखड्यांचे डाग पडायचे. व्हॅक्यूमच्या नळीवर हवा सोडायची एक सरकती खिडकी असते, ती थोडी उघडी ठेवल्यावर ते थांबलं.

टेबल सॉ

उलट्या सॉला वेळ लागला. ७¼ इंची ब्लेड मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला ४८ मीटर, ताशी १७० किलोमीटरच्या पुढे. या वेगाने फेकलेला कण हवेच्या ओढीने वळत नाही. त्याला आधी कशावर तरी आपटून थांबवावं लागतं, मग तो ओढता येतो. म्हणून पहिल्यांदा टेबलाखाली ब्लेडच्या बाजूला प्लायची बंद पेटी केली, तळ उतरता ठेवला आणि सॉच्या स्वतःच्या गार्डला जे धूळ बाहेर टाकायचं तोंड असतं त्याला थेट नळी जोडली. मोटरची बाजू मात्र मोकळी सोडली. सगळीच सॉ पेटीत कोंडली तर मोटरला थंड हवा मिळत नाही, गरम पूड तिच्याच आत शिरते आणि मोटर जळते.

खालचं झालं तरी वरून, कापणाऱ्याच्या छातीच्या दिशेने येणारा पट्टा उरतोच, कारण ब्लेडच्या दात्यांत अडकलेली पूड वर येऊन सुटते. तिथे टेबलावर टांगलेल्या दांडीला पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक झाकण बसवलं आणि त्याच्या मागच्या टोकाला दुसरी नळी. झाकणाचा दुसरा फायदा बोटांना. दोन नळ्या एका वाय जोडाने एकत्र केल्या की ओढ वाटली जाते, हे खरं. पण दोन्ही तोंडं धुळीपासून इंच-दोन इंचांवर असल्याने तेवढी पुरली. नळीची लांबीही कमी केली. वळ्या-वळ्यांची लवचीक नळी गुळगुळीत पाइपपेक्षा हवेला फार अडवते. जमिनीवर गुंडाळून पडलेले तिचे जास्तीचे फेरे म्हणजे निव्वळ नुकसान.

ब्लेड दोन्ही बाजूंनी लाकडात असेल तेव्हा जवळजवळ सगळी पूड खाली जाते. फळीच्या कडेवरून २-३ मिलिमीटरची सालपट काढताना मात्र एक बाजू उघडी राहते आणि पूड वरच्या झाकणालाही चुकवून बाजूला उडते. काकांनी सवयच बदलली: कड सरळ करायची तेव्हा निदान ब्लेडच्या जाडीपेक्षा जास्त लाकूड सोडायचं, म्हणजे ब्लेड पुरतं आत राहतं. उरलेलं रंध्याने. रंध्याचे छिलपे हवेत तरंगत नाहीत, आणि काकांचा रंधा फार सुरेख चालतो. सँडिंगचं कामच त्यामुळे बरंच घटलं. रंध्याने गुळगुळीत केलेल्या सागाला ८० नंबरचा पेपर लावावाच लागत नाही.

मार्बल कटरबद्दल थोडक्यात: त्याला धुळीचं तोंडच नसतं, गार्ड अपुरा असतो, लाकडासाठी तो बनलेला नाही आणि त्याने हातही जातात. तो आता लाकडाला लावायचा नाही असं ठरलं. ताव चिरायचा असेल तर दुकानातूनच मापात कापून आणतात.

डबा, फिल्टर, उरलेली हवा

व्हॅक्यूमचा फिल्टर प्लायच्या पुडीने लवकर बुजतो आणि बुजला की ओढ अर्ध्यावर येते. म्हणून मध्ये सायक्लोन: प्लास्टिकचा शंकू, रंगाच्या २० लिटरच्या डब्यावर बसवलेला. हवा शंकूत गोल फिरते, जड भुसा भिंतीला लागून खाली डब्यात पडतो. पहिलाच डबा चेपला गेला. नळीत लाकडाचा तुकडा अडकला, आत निर्वात झालं आणि डबा दाबून बसला. एकात एक दोन डबे घातल्यावर टिकला. डब्याचं झाकण आणि सगळे सांधे हवाबंद हवेत, कारण डब्यात खालून हवा शिरली तर पडलेला भुसा पुन्हा उचलला जातो. हेही लक्षात ठेवावं की सायक्लोन बारीक पूड पकडत नाही. ती पुढे व्हॅक्यूममध्ये जाते, म्हणून तिथे अगदी बारीक कणही अडवणारा हेपा फिल्टरच हवा. साधा फोम किंवा कापड असेल तर व्हॅक्यूम खोलीभर नेमकी सगळ्यात वाईट पूड फवारत राहतो.

हिवाळ्यात नाशिकची हवा कोरडी होते तेव्हा नळीला हात लागला की बारीक झटके बसायचे. नळीवर उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला दिली. स्फोटाची भीती काकूंनी कुठेतरी ऐकली होती. लाकडाची पूड हवेत पेटायला घनमीटरला चाळीसेक ग्रॅम तरी लागते, खोलीतली पातळी त्याच्या हजारो पट खाली. इंग्लंडमध्ये बॉस्ली इथल्या लाकूड-पुडीच्या गिरणीत २०१५ साली स्फोट होऊन चार माणसं गेली, पण ती कारखान्याच्या प्रमाणातली धूळ होती. घरात खरी भीती आगीची आहे. जुन्या सागातला खिळा ब्लेडला लागून ठिणगी उडते आणि डब्यातल्या भुशात जाऊन तासाभराने धुमसते. म्हणून चुंबक फिरवून खिळे काढल्याशिवाय जुनं लाकूड सॉवर जात नाही, आणि डबा रोज संध्याकाळी बाहेर. जवसाच्या तेलाचे बोळे तर भुशाजवळ कधीच नकोत. ते चुरगळून पडले की आपोआप तापून पेट घेतात. ते दोरीवर पसरून वाळवायचे.

एक्झॉस्ट पंख्याचं काय केलं ते सांगायचं राहिलं. बारीक पूड घराबाहेर टाकणं हा खरं तर फिल्टरपेक्षा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे, पण शेजाऱ्याच्या अंगणात टाकायचा कोणालाच हक्क नाही. तो पंखा भिंतीतून काढला, भोक बुजवलं. तोच पंखा प्लायच्या खोक्यात बसवून खोक्याच्या दोन बाजूंना एएचयूमध्ये, म्हणजे मोठ्या एसीच्या हवा फिरवणाऱ्या यंत्रात, वापरतात ते ६१० बाय ६१० मिमीचे घडीचे फिल्टर लावले. ते एमआयडीसीतल्या एसीच्या सामानाच्या दुकानात मिळाले. करोनाच्या वर्षात अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांनी घरगुती पंख्याभोवती चार फिल्टर लावून जी पेटी केली, तिचंच हे रूप. असे पंखे अडथळ्यापुढे कमजोर पडतात, म्हणून फिल्टरचं क्षेत्र मोठं हवं. एकच लहान फिल्टर लावला की हवा थांबते. पेटी मागच्या कोपऱ्यात टांगली आणि काम थांबल्यावरही तासभर चालू राहते. पॉलिश, थिनर असेल तेव्हा ती बंद आणि शटर उघडं, कारण वाफ फिल्टरमध्ये अडकत नाही आणि पंख्याच्या मोटरची ठिणगी तिला पुरते.

हॉलच्या दाराला खालून ब्रशची पट्टी लावली. कामाचा शर्ट दाराच्या आत येत नाही. झाडू गेला, फरशी व्हॅक्यूमने, मग ओल्या फडक्याने.

मास्क हा यातला शेवटचा उपाय. रुमाल आणि सर्जिकल मास्क बारीक पुडीपुढे काही कामाचे नाहीत. काका आयएसआय खुणेचा एफएफपी२ दर्जाचा, बारीक कण गाळणारा मास्क वापरतात, कानात अडकवायचा नव्हे, डोक्यामागून दोन पट्ट्या जाणारा, कारण कडेने फट राहिली तर फिल्टर कितीही चांगला असून उपयोग नाही. दाढी वाढवली असती तर तोही बसला नसता.

आता काय स्थिती आहे

एक स्वस्त धूळमापक हॉलच्या दारापाशी ठेवून आधी आणि नंतर पाहिलं. लाकडाच्या पुडीचा खरा आकडा तो सांगत नाही, त्याची रचना वेगळ्या कणांसाठी असते. पण एकाच जागी ठेवून तुलना करायला पुरतो. आधी सँडिंग सुरू झालं की आकडा काही मिनिटांत चार अंकी व्हायचा. आता तो शंभराच्या मागेपुढे राहतो, आणि पेटी चालू असली की अर्ध्या तासात रस्त्यावरच्या हवेइतका होतो. खर्च त्या २ अश्वशक्तीच्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून कमी झाला, त्यातला मोठा भाग व्हॅक्यूम आणि हेपा फिल्टरचा.

शेजाऱ्यांची तक्रार पंखा काढला त्याच दिवशी संपली. आता आवाजाची आहे, आणि ती रास्त आहे. व्हॅक्यूमचा आवाज सॉपेक्षा त्रासदायक वाटतो कारण तो सलग असतो. त्यासाठी प्लायची पेटी करायचं चाललं आहे, हवेला आत-बाहेर जायला वळणाचा रस्ता ठेवून. काकांचं पुरळ बाह्यांवर पट्टी आणि कामानंतर लगेच हात धुणं यांनी बरंच आटोक्यात आलं. नातीचा खोकला कमी झाला आहे, पण तो भुशानेच होता असं मी म्हणणार नाही. याच काळात ऋतू बदलला आणि डॉक्टरांनी औषधही बदललं. तिचा इनहेलर चालू आहे आणि चालू राहायला हवा. जुन्या रंगाची गोष्ट कळल्यावर तिच्या आईने डॉक्टरांना विचारून तिच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेतली. ज्या घरात जुनी दारं घासली गेली आहेत तिथे ही तपासणी करून घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन.

भुशाची विल्हेवाटही ठरली. साध्या लाकडाचा भुसा आणि छिलपे वेगळ्या पोत्यात. ते काकूंच्या कंपोस्टमध्ये थोडे-थोडे जातात, शेणखताबरोबर, कारण नुसता भुसा नत्र खाऊन बसतो आणि वर्षभर कुजत नाही. प्लाय आणि एमडीएफच्या पुडीत फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. ती खतात नाही, चुलीत नाही, गोठ्यातही नाही. बांधलेल्या पिशवीत सुक्या कचऱ्यात.

राउटर सुटलेला नाही. टेबलात बसवून काम केलं तर मागच्या कुंपणातून नळी लावता येते आणि ते ठीक चालतं. हातात धरून कडेला गोलाई देताना मात्र पूड तीन दिशांना उडते आणि बाजारात मिळणारी प्लास्टिकची टोपी काम दिसू देत नाही. तूर्त ते काम काका शटर उघडून, उंबऱ्यापाशी, वारा पाठीमागून घेऊन करतात. पावसाळ्यात तेही जमणार नाही. तोवर राउटरच्या तळाला पारदर्शक पत्र्याचं अर्धं झाकण आणि २५ मिमीचं तोंड करायचं त्यांनी कागदावर काढून ठेवलं आहे, मापं दोन दशांशांपर्यंत.